खंडव्याचं अपील इंदूरला का चालत नाही? आणि हायकोर्टाचे न्यायमूर्ती निवडतं कोण?

निमाडची सून, इंदूर

नमस्कार मंडळी. माझं माहेर इंदूरचं, घरही इंदूरलाच, पण सासर खंडव्याचं. घंटाघराजवळ सासऱ्यांचं जुनं घर आहे आणि त्याच्या बाजूच्या बोळावरून चुलत दिरांशी बारा वर्षं दावा चालू आहे. बोळ साडेतीन हात रुंद. पण मागच्या अंगणात, विहिरीकडे आणि तुळशीकडे जायला दुसरी वाट नाही. पहिल्या कोर्टात निकाल आमच्या बाजूनं लागला. चुलत दीर जिल्हा न्यायालयात अपिलात गेले, तिथं तो मागच्या महिन्यात उलटला. यजमान गेल्या वर्षी गेले. आता कागदांचं गाठोडं माझ्याकडे आलं आहे.

खंडव्याचे वकीलसाहेब म्हणाले, "आता सेकंड अपील करायचं, जबलपूरला." मी म्हटलं, अहो, मी राजेंद्रनगरला राहते, एम. जी. रोडवरचं हायकोर्ट माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे. खंडवासुद्धा इंदूरहून एकशेतीस किलोमीटर. मग पाचशे किलोमीटरवरचं जबलपूर कशाला? ते म्हणाले, "नियम आहे." पुढं काही सांगितलं नाही.

तर मला कुणीतरी नीट समजावून सांगा. इंदूरचं हायकोर्ट जबलपूरपेक्षा लहान आहे का? तिथले न्यायमूर्ती कमी दर्जाचे असतात का? आणि मुळात हे न्यायमूर्ती निवडतं कोण? पुतणी कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती म्हणते, हायकोर्टाच्या न्यायाधीशाची परीक्षा नसते. जाऊबाई म्हणतात, सगळं वरून ठरतं. मला तक्रार करायची नाही. ज्यांच्यापुढं माझा बोळ जाणार आहे ती माणसं तिथं कशी येतात, एवढं कळलं तर मनाला आधार वाटेल. आणि कागद सगळे हिंदीत आहेत. इंग्रजी करून घ्यावे लागतील का?

सराफ्याजवळचा

काकू, सोपं आहे. तुमचा इंदूरचा पत्ता घाला आणि इथंच दाखल करा. माझ्या मित्राच्या नोकरीचं प्रकरण होतं, आदेश भोपाळहून निघालेला, तरी इंदूरलाच चाललं.

निवृत्त रीडर, रामबाग

सराफ्याजवळचे, मदतीची इच्छा खरी आहे तुमची, पण काकूंनी असं केलं तर त्यांचे मोलाचे दिवस जातील. म्हणून आधी हेच खोडतो.

मी इंदूर खंडपीठात ३१ वर्षं नोकरी केली. आधी फाइलिंगच्या खिडकीवर, मग सेक्शनमध्ये, शेवटची वर्षं रीडर म्हणून. न्यायमूर्तींच्या आसनाखाली जी मेज असते तिथं बसून फाइल वर द्यायची, ऑर्डर शीट सांभाळायची, पुढची पेशी म्हणजे सुनावणीची तारीख टिपायची, हे रीडरचं काम. कायद्याची पदवी माझ्याकडं नाही, पण कुठली फाइल कुठं जाते ते हातांना पाठ आहे.

मित्राचं प्रकरण रिट याचिकेचं होतं, म्हणजे सरकारी आदेशाविरुद्ध थेट हायकोर्टात केलेल्या याचिकेचं. रिटमध्ये कारण कुठं घडलं ते बघतात. आदेश भोपाळला निघाला पण इंदूरला नोकरी करणाऱ्या माणसाच्या हातात पडला, तर कारणाचा एक भाग इंदूरला घडला असं धरता येतं. काकूंचं आहे दिवाणी अपील. तिथं पक्षकार कुठं राहतो याला काही किंमत नाही. ज्या जिल्ह्याच्या कोर्टाचा निकाल, त्या जिल्ह्याला जे पीठ नेमलं आहे, तिथंच जायचं.

आता नेमलं कुणी? राष्ट्रपतींची अधिसूचना आहे, २८ नोव्हेंबर १९६८ ची. इंदूर आणि ग्वाल्हेरची पीठं कायमची झाली ती या कागदानं. त्यात जिल्ह्यांची नावं लिहिली आहेत. इंदूरकडे इंदूर, उज्जैन, देवास, धार, झाबुआ, रतलाम, मंदसौर, पश्चिम निमाड, शाजापूर आणि राजगड. ग्वाल्हेरकडे ग्वाल्हेर, शिवपुरी, दतिया, गुना, विदिशा, भिंड आणि मुरैना. उरलेलं सगळं जबलपूर. काकू, यादी परत वाचा: पश्चिम निमाड आहे, पूर्व निमाड नाही. म्हणजे खरगोन इंदूरला आणि खंडवा जबलपूरला. पुढं जिल्हे फुटले तेव्हा लेकरं आईच्या मागोमाग गेली. खरगोनमधून बडवानी निघालं ते इंदूरलाच राहिलं. २००३ मध्ये खंडव्यातून बुऱ्हाणपूर निघालं ते जबलपूरलाच राहिलं.

असं का, तर १९५६ पूर्वीचा नकाशा डोळ्यापुढं आणा. होळकरांचं इंदूर आणि शिंद्यांचं ग्वाल्हेर १९४८ मध्ये मध्य भारत राज्यात आलं होतं आणि त्या राज्याला स्वतःचं हायकोर्ट होतं. खंडवा-बुऱ्हाणपूर मात्र इंग्रजी अमलापासून मध्य प्रांतात. त्यांचं हायकोर्ट नागपूर, २ जानेवारी १९३६ च्या सनदेनं झालेलं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, पण नागपूरचं हायकोर्ट कायद्यानं नव्या मध्य प्रदेशाचं हायकोर्ट मानलं गेलं आणि त्याचं मुख्य पीठ जबलपूरला बसलं. पहिले मुख्य न्यायमूर्ती एम. हिदायतुल्ला, जे पुढं देशाचे सरन्यायाधीश झाले. इंदूर आणि ग्वाल्हेरला त्याच दिवसापासून तात्पुरती पीठं दिली, कारण या दोन्ही शहरांत आधीपासून हायकोर्ट चालत होतं आणि लोकांना एकदम जबलपूरला पाठवणं अन्यायाचं झालं असतं. खंडव्यानं इंदूरचं कोर्ट आधी कधी पाहिलंच नव्हतं, म्हणून ते जुन्या वाटेनं गेलं. संस्थानं गेली, पण त्यांची शीव अजून अपिलाच्या फाइलवर आहे. मला हे कधीच पटलं नाही. सनावदपर्यंतचा माणूस इंदूरला येतो आणि त्याच्या पुढच्या गावचा माणूस जबलपूरला जातो, याला आज १९५६ सोडून दुसरं कारण नाही.

दुसरा प्रश्न लहान-मोठ्याचा. काकू, कोर्ट एकच आहे. मध्य प्रदेश उच्च न्यायालय. बसण्याच्या जागा तीन. मंजूर पदं ५३, ती तिन्ही जागा मिळून, आणि भरलेली नेहमी त्याहून कमी. कोण कुठं बसेल, कुणापुढं कुठल्या प्रकारची प्रकरणं जातील, हे मुख्य न्यायमूर्ती ठरवतात. त्याला रोस्टर म्हणतात. आज इंदूरला जामीन ऐकणारे न्यायमूर्ती उद्या जबलपूरला दिवाणी अपिलं ऐकताना दिसतील. दर्जा तोच, शपथ तीच, पगार तोच. इंदूरला बसलेल्यांतले सर्वांत ज्येष्ठ ते इथले प्रशासकीय न्यायमूर्ती. रजिस्ट्रार जनरल जबलपूरला, आमच्याकडं प्रिन्सिपल रजिस्ट्रार. एक मात्र आहे: खास कारण असेल तर इंदूर-ग्वाल्हेरचं प्रकरण जबलपूरला मागवून घेण्याचा अधिकार त्याच १९६८ च्या कागदानं मुख्य न्यायमूर्तींना दिला आहे.

शब्दांचा एक घोळही मोडून ठेवतो, कारण खिडकीवर रोज तो व्हायचा. आपण इंदूर खंडपीठ म्हणतो ती जागा. मराठी वर्तमानपत्रं दोन न्यायमूर्ती एकत्र बसले की त्यालाही खंडपीठ म्हणतात. इथली हिंदी वर्तमानपत्रं त्याला युगलपीठ म्हणतात आणि एकटे असतील तर एकलपीठ, ते जास्त स्वच्छ आहे. काकूंचं अपील एकलपीठापुढं जाईल.

या खिडकीवरचा एक माणूस मी विसरलेलो नाही. साल १९९६, उन्हाळा. बुऱ्हाणपूरहून एक आजोबा आले, फाइल गमछात बांधलेली, गाठ इतकी घट्ट की त्यांच्या थरथरत्या बोटांनी सुटेना. मीच सोडली. आत सेकंड अपील, टाइप केलेलं, सही झालेली, कोर्ट फी लावलेली. मुदतीचा आदला दिवस. त्यांच्या वकिलानं इंदूर लिहून दिलं होतं. मला सांगावं लागलं, "बाबा, हे इथं घेता येत नाही, जबलपूरला न्यावं लागेल." ते काही बोलले नाहीत. खिडकीच्या कठड्यावर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. मग विचारलं, "गाडी किती वाजता?" मागच्या रांगेतल्या मुन्शीजींनी, म्हणजे एका वकिलाच्या कारकुनानं, त्यांना स्टेशनवर नेऊन गाडीत बसवलं. मुदत तरी टळलीच, विलंब माफीचा अर्ज करावा लागला. तो मंजूर झाला हे मला आठ-नऊ महिन्यांनी कळलं, कारण आजोबा स्वतः मावा जिलेबीचा पुडा घेऊन परत खिडकीवर आले. अपिलाचं पुढं काय झालं ते मी विचारलं नाही. पण त्या दिवसापासून निमाडचा कागद आला की मी आधी जिल्हा बघायचो, मग बाकीचं.

म्हणून सांगतो, वकीलसाहेबांचं "नियम आहे" बरोबर आहे. त्यांनी आणखी दोन वाक्यं बोलायला हवी होती.

आता कामाचं. हायकोर्टात अपिलाची मुदत निकालापासून ९० दिवस. निकालाची नक्कल मिळायला जे दिवस गेले ते त्यात धरत नाहीत. नकलेच्या मागे शिक्का असतो, त्यावर अर्ज कधी केला आणि नक्कल कधी तयार झाली या तारखा असतात. त्या बघून मला सांगा. सेकंड अपिलात पुरावा पुन्हा तपासत नाहीत. दिवाणी संहितेच्या कलम १०० प्रमाणे कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न दाखवावा लागतो. "बोळ आमचा आहे" एवढ्यावर चालणार नाही. "जिल्हा न्यायालयानं वहिवाटीचा अमुक कागद वाचलाच नाही" किंवा "कायद्याचा अर्थ चुकीचा लावला" असं नेमकं हवं. अपील दाखल झालं म्हणजे बोळ आपोआप जसाच्या तसा राहतो असंही नाही, स्टेचा अर्ज सोबत द्या. आणि यजमानांच्या जागी वारस म्हणून तुमचं नाव रेकॉर्डवर आलं आहे ना, ते आज विचारून घ्या.

हिंदीची काळजी सोडा. राज्यघटनेच्या ३४८ व्या कलमात राष्ट्रपतींच्या संमतीनं हायकोर्टात हिंदी वापरायची सोय आहे आणि आपल्या राज्याला ती १९७१ मध्ये मिळाली. मी हिंदीत अख्खी बहस, म्हणजे वकिलांचा युक्तिवाद, ऐकली आहे.

बडोदेकर, मांडवी

या हिंदीच्या गोष्टीवरून सांगावंसं वाटलं. आमच्या गुजरात हायकोर्टाचं कामकाज फक्त इंग्रजीत. १ मे १९६० ला गुजरात झालं तेव्हापासून एकच जागा, अहमदाबाद. दुसरं पीठ कुठंही नाही. सुरतचा माणूस अहमदाबादला, कच्छचाही अहमदाबादला. माझ्या वडिलांचं भाडेकरूचं प्रकरण तिथं गेलं तेव्हा ते मागच्या बाकावर बसून स्वतःचं नाव ऐकायची वाट बघत. बाकी काही कळत नसे. घरी आल्यावर आई विचारायची, काय झालं, आणि ते म्हणायचे, वकील हसत बाहेर आले, म्हणजे बरं झालं असेल. गायकवाडांच्या राज्यात बडोद्याला स्वतःचं वरिष्ठ न्यायालय होतं. १९४९ ला बडोदा मुंबई राज्यात गेलं आणि ते संपलं. तुम्हाला निदान स्वतःच्या खटल्यातलं बोलणं कळेल, ताई. ही लहान गोष्ट नाही.

निमाडची सून, इंदूर

रीडरकाका, डोळ्यांत पाणी आलं त्या आजोबांचं वाचून. माझे सासरे असेच फाइल पंचात बांधून न्यायचे. वारसाचं विचारलं, नाव लागलं आहे. शिक्का उद्या बघते, नक्कल पुतणीकडं आहे.

निवडीचं राहिलं तेवढं सांगा.

निवृत्त रीडर, रामबाग

सांगतो. हे मी एका टोकाकडून पाहिलं आहे. एखाद्या वकिलाच्या नावाची कुजबुज बाररूममध्ये, म्हणजे वकिलांच्या खोलीत, सुरू व्हायची, मग महिनोन्‌महिने शांतता, आणि एक दिवस कोर्टरूमच्या दाराबाहेर नवी पाटी लागायची.

पुतणी खरं बोलते, परीक्षा नाही. परीक्षा खालच्या दोन पायऱ्यांना आहे. सिव्हिल जज आणि थेट जिल्हा न्यायाधीश, दोन्हींच्या परीक्षा आपल्याकडं हायकोर्टच घेतं. थेट जिल्हा न्यायाधीश व्हायला किमान सात वर्षं वकिली लागते, किंवा ऑक्टोबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून वकिली आणि न्यायिक सेवा मिळून सात वर्षं. पुतणीला हेही सांगा, की मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सिव्हिल जजच्या परीक्षेसाठी तीन वर्षं वकिलीची अट परत आणली आहे. पदवी हातात आली की लगेच फॉर्म, असं आता होणार नाही.

हायकोर्टासाठी घटनेचं २१७ वं कलम. भारताचा नागरिक, आणि दहा वर्षं न्यायिक पदावर किंवा दहा वर्षं हायकोर्टाचा वकील. नेमणूक राष्ट्रपती करतात, निवृत्ती ६२ व्या वर्षी. कागदावर एवढंच. पण राष्ट्रपतींपुढं नाव जातं कसं, तिथं सगळं आहे.

नाव काढतात आपलेच मुख्य न्यायमूर्ती आणि त्यांच्यानंतरचे दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती. हे हायकोर्टाचं कॉलेजियम. काही नावं वकिलांतली, काही जिल्हा न्यायाधीशांतली. पद्धत अशी, की वकिलांतून सुमारे दोन तृतीयांश आणि न्यायिक सेवेतून एक तृतीयांश. यादी मुख्यमंत्री आणि राज्यपालांकडं जाते, त्यांचं मत घेतात. मग दिल्लीला कायदा मंत्रालय. तिथं गुप्तचर विभाग त्या माणसाची चौकशी करतो, त्याचे व्यवहार, त्याचं वागणं. मग सर्वोच्च न्यायालयाचं कॉलेजियम, हायकोर्टाच्या नावांसाठी सरन्यायाधीश आणि दोन ज्येष्ठ. त्यांनी हो म्हटलं की परत सरकारकडं. सरकार एकदा नाव परत पाठवू शकतं. कॉलेजियमनं तेच नाव पुन्हा पाठवलं तर सरकारनं नेमायलाच हवं. त्यानंतर राष्ट्रपतींची सही, आणि राज्यपालांपुढं शपथ. बहुतेक जण आधी अतिरिक्त न्यायाधीश म्हणून येतात, जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी, मग कायम होतात.

जाऊबाईंना सांगा, "वरून ठरतं" हे अर्धंच खरं. नाव खालून निघतं. वरून ते अडू शकतं, आणि अडतं तेव्हा कारण कुणाला कळत नाही. माझं दुखणं हे आहे.

हे घटनेत शब्दशः लिहिलेलं नाही, निकालांतून उभं राहिलं आहे. १९८१ च्या निकालानं शेवटचा शब्द सरकारकडं ठेवला होता. १९९३ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं तो न्यायपालिकेकडं आणला, आणि १९९८ मध्ये कॉलेजियमला आजचा आकार आला. १९९३ चा बहुमताचा निकाल लिहिला न्या. जे. एस. वर्मा यांनी. ते आपल्याच सतन्याचे, आपल्याच हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले. मला याचा अभिमान वाटतो. २०१४ मध्ये संसदेनं घटनादुरुस्ती करून नेमणुकांसाठी आयोग आणला. ऑक्टोबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो चार विरुद्ध एक मतांनी रद्द केला. तेव्हापासून कॉलेजियमच चालू आहे.

एक गोष्ट मी कुणी लिहिलेली वाचली नाही, म्हणून लिहितो. वकील कसा आहे हे सगळ्यात नीट कुणाला कळतं? ज्या न्यायमूर्तींपुढं तो रोज उभा राहतो त्यांना. फाइल वाचून येतो का, विरुद्ध जाणारा निकाल लपवतो का, गरीब पक्षकाराची तारीख विनाकारण वाढवून घेतो का, हे मेजेवर बसून मला दिसायचं, तर वर बसलेल्यांना दिसणारच. इंदूरचा वकील इंदूरला उभा राहतो. नाव काढणारे तिघे पुष्कळदा जबलपूरला बसलेले असतात, आणि मुख्य न्यायमूर्ती धोरण म्हणून बाहेरच्या राज्यातून आलेले. विचारपूस होते, नाही असं नाही. पण इंदूर-ग्वाल्हेरला बसलेल्या न्यायमूर्तींचं लेखी मत प्रत्येक नावासोबत जोडलं जावं, असं मला फार वाटतं.

लष्करचा वकील, ग्वाल्हेर

रीडरसाहेब, तुमचं लेखी मताचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य. मी एकोणीस वर्षं ग्वाल्हेर खंडपीठात काम करतो आणि तुमच्या विरुद्ध दिशेनं तेच बघतो. ग्वाल्हेर तर मध्य भारत हायकोर्टाचं मुख्य ठिकाण होतं, इंदूर तेव्हा आमचं पीठ होतं. १९५६ ला वाटणी झाली: राजधानी भोपाळला, हायकोर्ट जबलपूरला, लोकसेवा आयोग इंदूरला, महसूल मंडळ ग्वाल्हेरला. आमच्या घरी आजोबा ते जुनं हायकोर्ट अजून चालू असल्यासारखं त्याच्याबद्दल बोलायचे.

आणि नकाशाचं म्हणाल तर विदिशा बघा. भोपाळहून विदिशाला लोक नोकरीसाठी रोज ये-जा करतात, इतकं जवळ. पण विदिशा म्हणजे भेलसा, शिंद्यांच्या राज्यातलं. म्हणून अपील तीनशे किलोमीटरवर ग्वाल्हेरला. भोपाळ तर राजधानी, पण तिथं पीठच नाही, ते जबलपूरला. एका तासाच्या अंतरावरची दोन गावं, आणि गाड्या पकडतात उलट्या दिशांच्या.

मात्र एका जागी माझं मत वेगळं आहे. तुम्ही "अडतं तेव्हा कारण कळत नाही" म्हणालात. माझ्या दृष्टीनं नाव निघतानाही कारण कळायला हवं, फक्त अडताना नाही. आमच्या बारमधल्या एका ज्येष्ठाचं नाव गेलं होतं. दोन वर्षं ते लटकले. त्या काळात त्यांनी नवी प्रकरणं घेणं कमी केलं, सरकारविरुद्धची तर सोडलीच, कारण कुणी बोट दाखवू नये. शेवटी नाव आलं नाही. परत वकिलीत उभे राहिले तेव्हा निम्मे पक्षकार गेले होते. त्यांनी एक शब्द वाईट काढला नाही. पण त्यांच्या ज्युनिअरनी काय शिकावं? २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक टप्प्याला आठवड्यांची मुदत आखून दिली, गुप्तचर विभागाला चार ते सहा आठवडे, दुसऱ्यांदा पाठवलेल्या नावाला तीन ते चार. ती पाळली गेली तरी निम्मं दुःख जाईल.

निवृत्त रीडर, रामबाग

वकीलसाहेब, हे मी मानतो. निघतानाही कारण हवं. माझं वाक्य अपुरं होतं.

एक जोडतो, काकूंसाठी. न्यायमूर्ती एकदा बसले की त्यांना हलवणं सोपं ठेवलेलं नाही आणि ते बरंच आहे. काढायचं तर संसदेच्या दोन्ही सभागृहांनी मोठ्या बहुमतानं ठराव करावा लागतो. आजवर एकाही हायकोर्ट न्यायमूर्तीला असं काढलं गेलेलं नाही. २०११ मध्ये कलकत्त्याच्या एका न्यायमूर्तींचा ठराव राज्यसभेनं मंजूर केला, पण लोकसभेत यायच्या आत त्यांनी राजीनामा दिला. बदली मात्र होते, २२२ व्या कलमानं, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात. आपल्या इंदूरच्या बारमधले विष्णु सदाशिव कोकजे मध्य प्रदेशात न्यायमूर्ती झाले, मग बदलीनं राजस्थानला गेले, आणि पुढं २००३ ते २००८ हिमाचलचे राज्यपाल होते. रामबागेत अजून लोक त्यांचं नाव आपल्या घरचं असल्यासारखं घेतात.

तर काकू, तुमच्यापुढं जे बसतील त्यांना तुमचे चुलत दीर हलवू शकत नाहीत, मुख्यमंत्रीही नाहीत. ही खात्री ठेवून जा.

शिक्का बघितलात का?

निमाडची सून, इंदूर

बघितला. पुतणीनं नक्कल उलटी करून खिडकीशी धरली, शाई फार पुसट आहे. निकाल ३ मार्च. अर्ज १० मार्च. तयार २८ मार्च.

पुतणीनं बोटांवर मोजलं. ३ मार्चपासून नव्वद दिवस म्हणजे १ जून. नकलेचे दोन्ही टोकं धरून एकोणीस दिवस. म्हणजे २० जून. बरोबर आहे का?

निवृत्त रीडर, रामबाग

अगदी बरोबर. पुतणीला शाबासकी द्या. पण २० जून विसरून जा आणि १ जूनच धरून चाला. मध्ये उन्हाळी सुटी आहे आणि रजिस्ट्री कागदात त्रुटी काढतेच. त्या सुधारायला हातात दिवस हवेत.

जबलपूरचे वकील ठरले की खंडव्याच्या दोन्ही कोर्टांचे निकाल, बोळाचा नकाशा आणि वहिवाटीचा जुना कागद घेऊन एकदा समक्ष बसा. पुढच्या पेशींना तुम्ही स्वतः गेलंच पाहिजे असं नाही. आता व्हीसीवरही, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सवरही, वकील उभे राहतात.

निमाडची सून, इंदूर

ठरले. खंडव्याच्या वकीलसाहेबांनीच नाव दिलं, आणि मी सगळं विचारलं तेव्हा या वेळी त्यांनी अर्धा तास समजावून सांगितलं. मंगळवारच्या ओव्हरनाइट एक्सप्रेसची दोन तिकिटं काढली आहेत, एक माझं, एक पुतणीचं. नकाशा सासऱ्यांच्या हातचा आहे, कापडावर डकवलेला. त्यात तुळसही दाखवली आहे.